लक्ष्मणपूर नंबर दोन, दुपारी एक वीस

पूर्णा जंक्शन
६ नोव्हेंबर २०२४

सिद्धोधनास,

जय भीम. पत्ता माझ्या नीलमकडून घेतला. तिला रागावू नकोस. काकाचा पत्ता बापाला द्यायचा नाही असं तू बजावलं होतंस, हे तिनं आधी मला सांगितलं आणि मग पत्ता दिला. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून टपाल.

काम असं आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही सहल मी आठ वर्षांत चौदा वेळा नेली. एकही माणूस हरवला नाही, एकही गाडी चुकली नाही. या खेपेला लोकांनी समुद्र मागितला. आपल्याकडच्या माणसाला समुद्र म्हणजे येलदरीचं धरण, फक्त पलीकडचा काठ नसलेलं. गोवा सगळ्यांचं ऐकून झालेलं, म्हणून मी अंदमान ठरवलं. माणसं अठरा. ७ ते १४ फेब्रुवारी.

दर सहलीला मी छापील पत्रक देतो, हे तुला माहीत नसेल. त्यात वेळ, ठिकाण, काय बघायचं, काय बघायचं नाही, सगळं असतं. या वेळचं पत्रक तयार आहे. समुद्र मी पाहिलेला नाही, पण पाच पुस्तकं आणि दोन नकाशे पाहिले आहेत, त्यामुळे फारसं चुकलं नसावं. तरी तू तिथे सात वर्षं राहतोस, तेव्हा एकदा नजर घालावीस.

स्वराज द्वीपावर राधानगर. पांढरी वाळू, मागे उंच झाडी, तोंड मावळतीला. फेब्रुवारीत तिथे सूर्य साडेपाचला बुडतो, आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी, म्हणून चहा चारला. त्याच बेटावर काला पत्थर उगवतीला तोंड करून आहे, तिथे पहाटे. एलिफंट बीचला बोटीनं जायचं, पाण्यात डोकं घालून पोवळी बघायची. त्याला आमच्यातले तिघेच तयार झाले, बाकीचे काठावर बसतील. आणि या सगळ्याआधी तुझं बेट, शहीद द्वीप. भरतपूर जेट्टीला लागून आणि उथळ, बायकांना पाय बुडवायला बरं. सीतापूरला सूर्योदय. लक्ष्मणपूर नंबर एकला सूर्यास्त. लक्ष्मणपूर नंबर दोनला खडकाची नैसर्गिक कमान आहे आणि तिथपर्यंत फक्त ओहोटीला चालत जाता येतं. तक्त्याप्रमाणे ९ फेब्रुवारीला पाणी दुपारी १.२० ला सगळ्यात खाली. पत्रकात तीच वेळ छापतो आहे.

विचारायचं ते एवढंच. यात काही चुकलं आहे का? आणि त्या कमानीकडे जाताना खडक किती घसरडे आहेत? अ. क्र. ११ ची प्रवासी वयस्कर आहे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, उजवा गुडघा वाकत नाही.

उत्तर टपालानं दिलंस तरी चालेल.

धम्मपाल सटवाजी खिल्लारे


पूर्णा
२ डिसेंबर २०२४

सिद्धोधनास,

जय भीम. तुझं उत्तर मिळालं. अकरा ओळी. बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता अक्षर बिघडलं आहे, पण कळलं.

भरतपूरला पाणी उतरलेलं असताना लोकांना आत सोडू नका, मेलेल्या पोवळ्यावर पाय कापतात, हे तू लिहिलंस ते पुस्तकात नव्हतं. पत्रकात घातलं. पाण्याची वेळ रोज तीच नसते, रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, हेही लिहिलंस. ते मला माहीत आहे. म्हणूनच तर नऊ तारखेची वेळ काढली.

शेवटच्या ओळीत विचारलंस, अकरा नंबर म्हणजे आई का?

हो. आधी लिहिलं असतं तर तू पत्रकाकडे बघितलंच नसतंस.

ऑपरेशन सप्टेंबरात नांदेडला केलं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आजी, काय दिसतं? ती म्हणाली, "भिंतीवरचं कॅलेंडर दिसायलंय. पोरगं कुठं दिसायलंय?" डॉक्टरांना वाटलं माझ्याबद्दल बोलते आहे. त्यांनी मला पुढे केलं. ती म्हणाली, "ह्यो न्हाई, दुसरा."

तेव्हापासून रोज तेच चाललं आहे. म्हणते, मी त्याला माफ केलंय, मला एकदा नेऊन आण. म्हणून अंदमान. गोव्याचं कारण मी पहिल्या पत्रात दिलं ते खोटं नाही, पण पूर्ण नाही.

खडकांचं तू लिहिलं नाहीस.

धम्मपाल


पूर्णा
४ जानेवारी २०२५

सिद्धोधन,

तुझी अट वाचली. तुझेच शब्द लिहितो, म्हणजे नंतर वाद नको. "न केलेल्या गोष्टीची माफी मला नको. पिंगळीहून मी फोनवर काय बोललो ते आईला सांग. सांगून आण. न सांगता आणलीस तर मी तिच्यासमोर येणार नाही."

आता माझं ऐक. क्रमानं लिहितो.

१८ मे २०१५. बाबा पहाटे गेले. दुपारी चारची वेळ विहाराच्या फळ्यावर मी स्वतः लिहिली. त्रेचाळीस डिग्री ऊन. बोरीहून दोन टेम्पो भरून माणसं आलेली, भन्तेजींना संध्याकाळी दुसरीकडे पोचायचं. तुझी गाडी परभणी सोडून पिंगळीत अडकली, पुढे मालगाडीचं इंजिन बंद पडलेलं. तीन वीसला तुझा फोन आला. तीन पंचवीसला मी मंडपात येऊन सांगितलं, सिद्धो म्हणतो, माझ्यासाठी थांबू नका. बरोबर चारला बाबांना उचललं. तू पाच पन्नासला स्मशानात पोचलास.

तू तसं म्हणाला नव्हतास. एवढं मी या कागदावर लिहून देतो. जपून ठेव.

पण तुला लिहून देणं वेगळं आणि आईला तोंडानं सांगणं वेगळं. मी मंडपात काय सांगितलं ते नीलमकडून तुला कळलं तेव्हा तू आईला फोन करून सांगायला गेलास. ती काय म्हणाली ते मी शेजारी उभा राहून ऐकलं आहे. "धम्मपाल खोटं बोलत न्हाई." आणि तिनं फोन ठेवला. हे खरंच आहे. मी सातवी पास माणूस. स्टेशनवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर अकरा वर्षं उभ्यानं वाचून जे काही शिकलो ते शिकलो, पण पूर्णेत कुणाला गाडीची वेळ, पंचमीची तारीख, कुणाच्या लग्नाचं साल हवं असलं की मला विचारतात. मी सांगितलेलं कुणी तपासत नाही.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिची बसलेली समजूत उचकटून काय मिळणार? तिला तुला बघायचं आहे, तुला तिला बघायचं आहे. मधे मी नको असेन तर जेट्टीवर तिला सोडून लांब उभा राहतो.

तिकिटं निघाली आहेत. नऊ तारखेला सकाळी दहाला आम्ही तुझ्या जेट्टीवर असू.

धम्मपाल


पोर्ट ब्लेअर (नवं नाव श्री विजयपुरम)
११ फेब्रुवारी २०२५

सिद्धोधन,

हे पत्र बोटीवरच्या माणसाजवळ देतो आहे. तुला मिळेल त्याच्या आसपास मीच पोचेन, तरी लिहितो, कारण पत्रकात फरक झाला आहे.

आठ तारखेच्या संध्याकाळपासून वारं सुटलं आणि बोटी बंद झाल्या. तीन दिवस इथेच. कॉर्बिन्स कोव्ह तीनदा बघून झाला, चिडिया टापू दोनदा. चिडिया टापूला समुद्रात वाळलेली झाडं उभी आहेत, ती पुस्तकात होती. वंडूरला पाण्यात उतरू देत नाहीत, मगरीची पाटी आहे, ती पुस्तकात नव्हती. राधानगर आणि स्वराज द्वीप पूर्ण रद्द करावं लागलं. लोक नाराज आहेत. आबासाहेब, म्हणजे आपले निवृत्त हेडमास्तर, जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पत्रक मात्र अप्रतिम आहे, ते वाचूनच परत जाऊ.

उद्यापासून बोटी सुरू. आम्ही फक्त शहीद द्वीपला येतो, सकाळी येऊन पावणेपाचच्या बोटीनं परत. पत्रकात ९ च्या जागी १२ वाचावं. बाकी वेळा त्याच.

आईनं समुद्र पाहिला. म्हणाली, "एवढं पानी, आन् प्यायच्या कामाचं न्हाई. कुनी ठिवलंय ह्ये?"

तिला अजून सांगितलेलं नाही.

धम्मपाल


पूर्णा
२० फेब्रुवारी २०२५

सिद्धो,

आईनं तुला काय काय सांगितलं मला माहीत नाही. माझ्या बाजूनं जे झालं ते क्रमानं लिहितो. आवडलं नाही तरी शेवटपर्यंत वाच.

दहा दहाला उतरलो. तू नव्हतास. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं, तरी मी आईला आघाडीला उभं केलं, म्हणजे लांबूनही तुला दिसावी. ती उतरणाऱ्या गर्दीत उलटी बघत होती, जणू तूही आमच्याच बोटीतून येणार. मी म्हणालो, काम असेल त्याला. ती म्हणाली, असंल.

भरतपूर झालं. पाणी भरलेलं होतं, त्यामुळे कुणाचे पाय कापले नाहीत. जेवणं झाली. एक वीसला, घड्याळ लावून, सतरा माणसांना घेऊन मी लक्ष्मणपूर नंबर दोनला उभा होतो.

पाणी झाडांच्या मुळांपासून वीस पावलांवर. खडक नाहीत, वाट नाही, कमान तर दूरच. मी पत्रक काढून पुन्हा वाचलं. शहाळी विकणारी एक बाई हसून हिंदीत म्हणाली, आज पूनम आहे बाबूजी, साडेतीननंतर या.

आबासाहेबांनी मोका सोडला नाही. "धम्मपालराव, पानी किती लेट हाय? अलाउन्स झालं का?" सगळे हसले. शेजारच्या चांगुणाबाईंनी विचारलं, मागच्या स्टेशनातून तरी सुटलंय का? मीही हसल्यासारखं केलं.

चूक कशी झाली तेही लिहितो, कारण चौदा सहलींनंतर ही पहिली. पूर्णेत वाढलेल्या माणसाला वेळ म्हणजे फलाटावरच्या पाटीवरची वेळ. गाडी तीन तास उशिरा येईल, पण पाटीवरची वेळ हलत नाही, उद्याही तीच, परवाही तीच. तारीख बदलली, मी तारीख खोडली आणि वेळ तशीच ठेवली. रोज सरकते हे तू लिहिलं होतंस. माहीत आहे, असं मी उत्तरही दिलं होतं. खरं सांगायचं तर मी ते वाक्य वाचलं आणि ते तुझं आहे म्हणून आत घेतलं नाही.

म्हणजे दोन तास वीस मिनिटं थांबणं आलं. माघ पौर्णिमा होती, चांगुणाबाईंनी झाडाखाली सगळ्यांना बसवून वंदना सुरू केली. आईचा गुडघा खाली बसू देत नाही, म्हणून तिला जरा लांब एका आडव्या ओंडक्यावर बसवलं आणि मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्याला ठाव हाय नं आपन आलोय ते?" मी म्हणालो, आहे. "मग बोटीवर का न्हाई आला?"

कामाचं कारण एकदा देऊन झालं होतं. दुसरं तयार नव्हतं. बसल्या जागेवरून उठायलाही जागा नव्हती, पुढे पाणी, मागे वंदना.

मी म्हणालो, "आई, बाबांच्या वेळेला सिद्धोनं थांबू नका म्हटलं नव्हतं."

ती पाण्याकडेच बघत होती. "मग काय म्हनला होता?"

"दादा, मी पिंगळीत हाय. मला बाबाचं तोंड बघू दे. थांबा."

"आन् थांबू नका, ह्ये कोन म्हनलं?"

"मी."

ती रडेल असं वाटलं होतं. ती हिशेबाला बसली. पिंगळीहून पूर्णेला किती वेळ लागतो, तिनं विचारलं. गाडीनं पंचवीस मिनिटं, मी म्हणालो. "मोटरसायकलीवर?" पाऊण तास धर. "मग कुनाला तरी धाडायचं होतं की मोटरसायकलीवर. दाराम्होरं धा उभ्या व्हत्या."

तीन पंचवीसला माणूस निघाला असता तर चार दहाला पिंगळी. चार पंचावन्नला तू दारात. पंचावन्न मिनिटं उशीर. सिद्धो, नऊ वर्षांत हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. थांबायचं की नाही एवढंच मी धरून बसलो. आणायला पाठवता येतं, हे मला सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, ते आता सांगता येणार नाही.

तिनं विचारलं, का केलंस? मी ऊन सांगितलं, भन्तेजींची वेळ सांगितली, बोरीची माणसं सांगितली. ती म्हणाली, "त्ये मला ठाव हाय. म्या तिथंच होते. का केलंस?"

तेव्हा मी जे सांगितलं ते तुलाही लिहितो. बाबा तीन वर्षं अंथरुणाला होते. धुणं, पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं उठणं, सगळं मी केलं. आणि ते दर आठवड्याला विचारायचे, सिद्धोची गाडी कितीला आहे. ज्या दिवशी तू येणार नव्हतास त्या दिवशीही. त्या दुपारी मला वाटलं, आता हा शेवटच्या पाच मिनिटांत येणार, टाहो फोडणार, आणि सगळं गाव म्हणणार, बघा, लेक असावा तर असा. ते मला नको होतं. एवढंच. यात दुसरं काही नाही.

आई म्हणाली, "तू केलंस त्ये म्या बघितलंय. जगात दुसऱ्या कुनी न्हाई बघितलं तरी म्या बघितलंय. तेवढं पुरलं न्हाई तुला?"

मी घड्याळाकडे बघितलं.

"तुज्या बोलन्यावर म्या माज्या लेकाचा फोन ठिवला," ती म्हणाली. "मला वाटलं, तू खोटं बोलत न्हाईस."

मग तिनं चांगुणाबाईंना हाक मारली. मी हात पुढे केला होता. तिनं चांगुणाबाई येईपर्यंत वाट पाहिली आणि त्यांचा हात धरून उठली. वाटेवर रिक्षा होती. बसताना मला म्हणाली, "मला सांगितलंस, बरं झालं. आता ज्यांच्याम्होरं बोलला होतास त्यांनाबी सांग. तवर मला न्यायला येऊ नको." रिक्षावाल्याला तिनं फक्त एवढंच सांगितलं, सिद्धो, इंजिनवाला. त्याला कळलं. बेट लहान आहे.

तीन चाळीसला पाणी उतरलं. सतरातले सोळा उरले होते, त्यांना मी कमानीपर्यंत नेलं, ते माझं काम होतं. खडकांच्या खाचांत पाणी राहतं, त्यात छोटे मासे आणि काकडीसारखा एक काळा प्राणी होता. कमान पुस्तकातल्या फोटोएवढी उंच नाही. खडक घसरडे आहेत. आईला जमलं नसतं.

साडेचारला जेट्टीवर तू होतास. नऊ वर्षांनी तू मला एकच वाक्य बोललास, आई राहते आहे, औषधं दे. मी पिशवी दिली. तू केस बारीक कापले आहेस. बाबांचे असेच दिसायचे.

बोट वेळेवर सुटली.

धम्मपाल


पूर्णा
३ मार्च २०२५

सिद्धो,

काल रविवारी वंदनेनंतर विहारात उभा राहिलो. साठ-पासष्ट माणसं होती. बोरीहून कुणी येत नाही रविवारचं, म्हणून सकाळी आधी बोरीला जाऊन तिथल्या चार घरी सांगून आलो होतो. विहारात सांगायला दीड मिनिट लागलं असेल. तू काय बोलला होतास ते तुझ्या शब्दांत सांगितलं, मी काय सांगितलं ते माझ्या शब्दांत.

नंतर चपला घालताना आबासाहेब म्हणाले, "नऊ वर्षं आमी त्या पोराला नावं ठिवली, धम्मपाल. आता ती परत कुटं ठिवायची?" मेच्या कुशीनगर सहलीतून पाच नावं कमी झाली. एका बाईनं घरी येऊन विचारलं की तिच्या मुलाची जन्मतारीख मी शाळेत सांगितली होती ती तरी खरी आहे ना. खरी आहे.

आता आईचं. पिशवीत हिरव्या टोपणाचे थेंब आहेत ते दिवसातून तीनदा, दोन्ही डोळ्यांत, दोन औषधांच्या मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची. पांढऱ्या टोपणाचे फक्त रात्री. बाटली उघडून एक महिना झाला की टाकून द्यायची, म्हणजे १२ मार्चला नवी. गुडघ्याला शेक कोरडा, ओला नाही. चहात ती साखर मागेल. मी दोन वर्षं घालू दिली नाही आणि ती शेजारी चांगुणाबाईंकडे जाऊन पीत होती, हे मला सहलीत कळलं. तेव्हा घालायची की नाही ते तुम्हीच ठरवा. दुपारी ती झोपत नाही, झोपल्यासारखं करते. तेव्हा कुणी तिच्याबद्दल बोलू नये.

न्यायला केव्हा येऊ, हे मी विचारत नाही. ते तिनं सांगायचं आणि तू तिच्याच शब्दांत मला लिहायचं. नको म्हणाली तर नको लिही. बरं वाटावं म्हणून बदलू नकोस.

आणि हे पत्र तिला वाचून दाखव. हे आणि आधीचंही. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून उजवीकडे बस आणि सावकाश वाच. वरपासून खालपर्यंत. मधलं काही गाळू नको.

धम्मपाल